कुटारातून गॅस वाढवणारे जिवाणूंचे पाकीट: दोन हंगामांचा अनुभव

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील आमच्या घरामागे दोन घनमीटरचे, लोखंडी तरंगत्या टाकीचे गोबरगॅस संयंत्र आहे. सासऱ्यांनी ते बांधून घेतले तेव्हा गोठ्यात गवळाऊ जातीची नऊ जनावरे होती. आज एक बैलजोडी आणि एक गाय उरली आहे, पेरणी-वखरणी बरीचशी ट्रॅक्टरने होते आणि रोजचे शेण जेमतेम २५ किलो भरते. एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे या संयंत्राला पोटभर खायला रोज सुमारे ५० किलो शेण हवे. आमचे संयंत्र कित्येक वर्षे अर्धपोटीच चालत होते. दुसरीकडे, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाले की मळणीच्या जागी कुटाराचा, म्हणजे उरलेल्या भुशाचा, ढीग पडतो आणि त्यावर परतीचा पाऊस आला की खालचे कुटार काळे पडून बुरसटते. असे कुटार जनावरांना घालण्याजोगे राहत नाही आणि शेवटी बांधावर पेटवले जाते. हे वाया जाणारे कुटार संयंत्रात घालता येईल या आशेने मी कृषी केंद्रातून 'पीक-अवशेषांपासून गॅसवाढ' करणाऱ्या जिवाणूंचे एक किलोचे पाकीट आणले. दोन हंगाम वापरून झाल्यावर त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पाकिटाची किंमत ५२० रुपये. आत तपकिरी रंगाची भुकटी असून तिला आंबलेल्या कोंड्यासारखा वास येतो. सोबतच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी ठळक छापल्या आहेत: गॅस दुप्पट होतो, कोणतेही पीक-अवशेष चालतात, आणि १०० किलो अवशेषांना एक किलो भुकटी पुरते. कृती दोनच ओळींची आहे. पहिल्या दिवसापासून रोज पाच किलो अवशेष आणि ५० ग्रॅम भुकटी शेणात कालवून थेट संयंत्रात सोडावी, एवढेच तिच्यात सांगितले आहे. ही कृती जशीच्या तशी पाळू नये, असे मी अगदी सुरुवातीलाच सांगते. आम्ही ती पाळली आणि संयंत्र बारा दिवस बंद पडल्यासारखे झाले.

काय घडले ते समजण्यासाठी संयंत्राच्या विहिरीच्या, म्हणजे शेण जिथे कुजते त्या खड्ड्याच्या, आत काय चालते हे थोडे सांगावे लागेल. गॅस एकाच प्रकारचे जिवाणू तयार करत नाहीत. ते काम चार टप्प्यांत, वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांच्या हातून होते. पहिले काही जीव काडीतील सेल्युलोज हे तंतुद्रव्य फोडून त्याची साखर करतात, दुसरे त्या साखरेची आम्ले करतात, तिसरे त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन काढतात आणि शेवटचे, मिथेन करणारे, त्यांपासून मिथेन, म्हणजे जळणारा वायू, बनवतात. शेवटचे हे जीव खऱ्या अर्थाने जिवाणूही नाहीत. १९७७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी दाखवून दिल्याप्रमाणे ते आर्किया या निराळ्या गटात मोडतात. ते सावकाश वाढतात, हवा सहन करत नाहीत आणि आम्लता वाढली की काम थांबवतात. शेण जनावराच्या पोटातून अर्धे पचूनच येते, त्यामुळे तिथे पहिला टप्पा सोपा असतो. कुटार, गव्हांडा (गव्हाचे काड) किंवा तणस (धानाचा पेंढा) यांच्या बाबतीत मात्र तोच टप्पा सर्वांत सावकाश होतो, कारण सेल्युलोजभोवती लिग्निन या चिवट द्रव्याचे कवच असते आणि हवेविना लिग्निन जवळजवळ फुटत नाही. पाकिटातील जिवाणूंचा उपयोग होतो तो याच पहिल्या टप्प्यात. भुकटी करून, वाळवून, दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने टिकणारे जिवाणू म्हणजे बहुधा बॅसिलससारखे बीजाणू धरणारे जिवाणू, आणि सेल्युलोज फोडण्याचे काम त्यांतले अनेक चांगले करतात. मिथेन करणारे जीव अशा कोरड्या भुकटीत जिवंत येतील अशी अपेक्षा करणेच चूक आहे. ते आपल्या शेणात आणि संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पातळ रबडीत, म्हणजे जुन्या स्लरीत, आधीपासून असतात.

पहिल्या नोव्हेंबरात आम्ही चिठ्ठीप्रमाणे पाच किलो कुटार रोज घालू लागलो. चौथ्या दिवशी टाकी एरवीपेक्षा वीतभर वर आली आणि सगळ्यांना आनंद झाला. सकाळी चहा ठेवायला गेलेल्या सासूबाई मात्र परत येऊन म्हणाल्या, "टाकी तं वर आली, पण गॅस पेटून नाही राह्यला." काडी लावली की ज्योत फडफडून विझत होती. टाकी भरली होती ती प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडने. पहिल्या दोन टप्प्यांना एकदम भरपूर खाद्य मिळाल्यामुळे आम्ले वेगाने तयार झाली, मिथेन करणाऱ्यांना ती संपवता आली नाहीत आणि विहीर आंबली. शाळांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून आणलेला, आम्लता दाखवणारा पीएच कागद स्लरीत बुडवला तर तो सहाच्या जवळचा रंग दाखवत होता. संयंत्र नीट चालताना तो ६.८ ते ७.४ च्या दरम्यान असावा लागतो. आम्ही कुटार पूर्ण थांबवले, टाकीतला न पेटणारा गॅस मोकळ्या हवेत सोडून दिला, शेणही निम्मेच घातले आणि चार दिवस रोज दोन तांबे चुन्याची निवळी सोडली. बाराव्या दिवशी निळी ज्योत परत आली. तेवढे दिवस चुलीवर स्वयंपाक करताना घरात झालेला धूर मला अजून आठवतो, म्हणूनच कृतीची चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी हा धोका दडवू नये असे मनापासून वाटते.

त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली तिने काम चांगले झाले. कुटार बारीकच असते, तरी त्यातल्या लांब काड्या कडबाकुट्टीतून काढून घेतो, कारण तुकडा जितका लहान तितका जिवाणूंना शिरायला वाव अधिक. झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात रोज तीन किलो कुटार, संयंत्रातून बाहेर पडलेली पातळ स्लरी आणि २० ग्रॅम भुकटी असे मिसळून, वर दगड ठेवून सगळे बुडवून ठेवतो. गॅस निघायला वाट राहावी म्हणून झाकण घट्ट लावत नाही. सहा दिवसांनी कुटार मऊ पडते, बोटांत चुरडते आणि मगच ते शेणात कालवून संयंत्रात जाते. अशी सहा पिंपे ओळीने ठेवल्यामुळे रोज एक तयार असते. सुरुवात मात्र अर्ध्या किलोपासून केली आणि तीन किलोपर्यंत यायला जवळजवळ पाच आठवडे घेतले. शेण कधीही बंद केले नाही. कुटारात नत्र कमी असते आणि मिथेन करणाऱ्या जीवांना निकेल व कोबाल्टसारखी सूक्ष्मद्रव्ये लागतात, ती शेणातून मिळत राहतात. कर्ब आणि नत्राचे प्रमाण २० ते ३० ला एक असावे असे मानतात. शेण त्यात बसते, गव्हांड्यात मात्र ते ८० किंवा त्याहून अधिक असते. त्यामुळे ज्यांना गव्हांडा घालायचा असेल त्यांनी भिजवणाच्या पिंपात गोठ्यातले गोमूत्र अवश्य टाकावे.

आता परिणाम. फक्त २५ किलो शेणावर मोठी शेगडी दिवसाला सुमारे दोन तास चालत असे. तीन किलो भिजवलेले कुटार नियमित जाऊ लागल्यावर ती तीन तास आणि थोडी वर चालू लागली. आमचा दोन वेळचा स्वयंपाक आणि अंघोळीचे थोडे पाणी त्यात निघते. ही वाढ चांगली आहे, पण चिठ्ठीवरची 'दुप्पट' नक्कीच नाही. शिवाय ती वाढ भुकटीची की कुटाराची, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. कुटार घातले तर गॅस वाढणारच, कारण शुद्ध सेल्युलोज पूर्ण पचले तर हिशोबाने एका किलोतून आठशे लिटरहून अधिक गॅस निघायला हवा, आणि कुटार अर्धवट पचले तरी काही ना काही मिळतेच.

म्हणून दुसऱ्या हंगामात धाकट्या दिरांच्या मदतीने एक साधी चाचणी केली. २०० लिटरची तीन निळी पिंपे घेतली, झाकणांना नळ्या बसवल्या आणि प्रत्येक नळी ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्यूबला जोडली. तिन्हींत पाच-पाच किलो एकाच ढिगातले कुटार. पहिल्या पिंपात १०० लिटर जुनी स्लरी आणि भुकटी, दुसऱ्यात तेवढीच स्लरी पण भुकटी नाही, तिसऱ्यात स्लरीऐवजी साधे पाणी आणि भुकटी. ट्यूब भरली की ती स्वयंपाकघरात नेऊन एका शेगडीवर रिकामी करायची आणि ती किती मिनिटे जळली ते वहीत लिहायचे. पहिल्या पिंपाची ट्यूब आठव्या दिवशी भरली, दुसऱ्याची अकराव्या दिवशी. चाळीस दिवसांनी वहीतली मिनिटे मिळवून पाहिली तर पहिले पिंप दुसऱ्याच्या जेमतेम एक दशांशाने पुढे होते. तिसऱ्या पिंपाचा गॅस एकदाही पेटला नाही. झाकण उघडले तेव्हा नाकाला झोंबणारा आंबट वास आला. चाचणी एकदाच केली आणि ती घरगुती होती हे खरे, पण तिने मला भुकटीची योग्य जागा दाखवून दिली. ती कुटार फुटण्याची सुरुवात लवकर करते, एकूण मिळणारा गॅस फारसा वाढवत नाही आणि जिवंत स्लरी नसेल तर तिचा काहीच उपयोग नाही.

याच हिशोबाला पैशांचीही जोड द्यायला हवी, कारण आमच्यासारख्या घरात शेवटी निर्णय त्यावरच होतो. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो एलपीजी. कुटारामुळे आम्हांला रोज अंदाजे अर्धा घनमीटर गॅस जास्त मिळाला असे धरले, तर १०० किलो कुटार जायला लागणाऱ्या तेहतीस दिवसांत सुमारे सात किलो एलपीजीची, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरच्या निम्म्याची बचत होते. आम्हांला सिलिंडर ९०० रुपयांच्या आसपास पडला, म्हणजे बचत साडेचारशेची आणि चिठ्ठीतल्या मात्रेने त्यासाठी लागणारे पाकीट ५२० रुपयांचे. शिवाय ही सगळी बचत भुकटीच्या नावावर मांडताच येत नाही. तिचा वाटा चाचणीत दिसला तेवढाच. सांगितलेल्या मात्रेने वर्षभर ही भुकटी वापरणे म्हणजे गॅससाठी सिलिंडरपेक्षा जास्त पैसे मोजणे आहे, आणि हे कोणत्याही दुकानदाराने मला सांगितले नाही.

मग पाकीट घ्यावे की नाही? माझ्या मते हंगामाच्या सुरुवातीला एक, विरजणासारखे. पहिल्या पंधरवड्यात भुकटी घातलेल्या पिंपातले तयार भिजवण थोडे मागे ठेवायचे आणि तेच पुढच्या पिंपात मिसळायचे. दुसऱ्या हंगामात डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आम्ही असेच केले आणि कुटार मऊ पडायला तेवढेच सहा दिवस लागत राहिले. ज्यांचे संयंत्र अनेक वर्षे नीट चालू आहे आणि स्लरी चांगली जिवंत आहे, त्यांनी आधी नुसत्या स्लरीत आठ-नऊ दिवस कुटार भिजवून पाहावे. त्यांना पाकिटाची गरजच पडणार नाही अशी माझी समजूत आहे. नवे संयंत्र सुरू करणाऱ्यांनी किंवा साफसफाईसाठी विहीर उपसलेल्यांनी शेजारच्या चालू संयंत्राची दोन-तीन पिंपे स्लरी मागून आणावी, तीच खरी ठिणगी. मात्र उपसलेल्या विहिरीत कोणीही, कितीही घाई असली तरी, लगेच उतरू नये. तिथे साचलेल्या वायूने माणूस गुदमरून जातो आणि त्याला वाचवायला उतरणाराही परत येत नाही.

'कोणतेही अवशेष चालतात' हा दावा तर सरळ चुकीचा आहे. पऱ्हाट्यांत, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांत, लिग्निनच २० टक्क्यांहून अधिक असते; त्यांचा भुगा भिजवून, भुकटी घालून, पंधरा दिवस ठेवूनही तो जसाच्या तसा काडीकाडीने वर तरंगला. तुरीच्या काड्यांचे, म्हणजे तुराट्यांचेही तेच. या दोन्ही चुलीत किंवा कुंपणाला बऱ्या. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाट्या शेतातून लवकर काढायच्या असतात, हे आम्हां कापूसवाल्यांना २०१७ नंतर कोणी वेगळे सांगायला नको, पण त्यांची विल्हेवाट या पाकिटाने होणार नाही. माझ्या मामेभावाने भंडाऱ्याकडे धानाच्या तणशीवर हीच भुकटी वापरून पाहिली. तणशीत सिलिका बरीच असते आणि ती हलकी असल्यामुळे सायीसारखा जाड थर धरते. आमच्या तरंगत्या टाकीला कडी धरून रोज दोन्ही बाजूंनी फिरवले की तो थर मोडतो. त्याचे संयंत्र दीनबंधू पद्धतीचे, घुमटाचे, तिथे आत हात घालायला जागाच नाही. दोन महिन्यांत नळी तुंबली आणि त्याने तणस बंद केली. घुमटाचे संयंत्र असणाऱ्यांनी म्हणूनच अवशेष अगदी थोडे आणि पूर्ण मऊ झालेले घालावेत.

थंडीतही पाकिटाने काही साधले नाही. या जीवांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा १० अंशांजवळ येतो तेव्हा भुकटी असो वा नसो, टाकी खाली बसते. शेण कोमट पाण्यात, दुपारी उन्हात कालवून घालण्याने आणि विहिरीभोवती कडब्याचा थर लावण्याने जो फरक पडला तो भुकटीने पडला नाही. उन्हाळ्यात उलट गॅस भरपूर, पण पाणी नाही. कोरडे कुटार शेणापेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते, आणि मे महिन्यात पाण्याची विहीर तळाला गेलेली असताना रोज दहा-बारा लिटर जास्तीचे पाणी संयंत्राला घालणे मनाला पटत नाही. बाहेर पडलेली स्लरी गाळून तीच भिजवणाला वापरण्याची सवय त्यामुळेच लागली. पाणीही वाचते आणि मुरलेले जीवही परत आत जातात. चिठ्ठीत पाण्याचा उल्लेखच नाही, विदर्भात विकायच्या वस्तूत ही उणीव मोठी आहे.

एक घोटाळा वारंवार होताना दिसतो, तो इथेच सांगते. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राचे वेस्ट डीकंपोजर, जे दोनशे लिटर पाण्यात दोन किलो गूळ घालून वाढवतात, तेच अनेक जण गोबरगॅसमध्ये ओततात. ते खत कुजवण्यासाठी आहे. उघड्या ढिगावर हवेत कुजताना कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, म्हणजे ज्याचा गॅस व्हायचा तेच आधी संपते. कुटार आधी ढिगावर कुजवून मग संयंत्रात घालणे म्हणूनच तोट्याचे, आणि भिजवण नेहमी बुडालेले ठेवायचे ते याच कारणाने.

पाकिटावरची सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे त्यावर कोणते जिवाणू आहेत, एका ग्रॅममध्ये किती आहेत आणि ते कधीपर्यंत जिवंत राहतील, यांपैकी काहीही छापलेले नाही. सोयाबीनला लावायच्या रायझोबियम या जिवाणूखताच्या पाकिटाला खत नियंत्रण आदेशाप्रमाणे एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणूंची अट असते आणि अंतिम तारीख लिहावी लागते. इथे 'जनावरांच्या पोटातील जिवाणू' एवढेच मोघम लिहिले आहे. जनावरांच्या पोटात काडी फोडणारे जीव असतात हे खरेच आहे. तिथे हवेविना जगणाऱ्या बुरशीही आहेत, ज्या संशोधक कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ मध्ये मेंढीच्या पोटात ओळखल्या, आणि आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही अशा बुरशींवर व मिथेन करणाऱ्या जीवांवर काम चालते. पण हवा लागताच मरणाऱ्या या बुरशी कागदी वेष्टनातल्या कोरड्या भुकटीत कशा टिकवल्या, याचे उत्तर ना पाकिटावर आहे ना विक्रेत्याकडे. दुसऱ्या हंगामातले पाकीट तर काचेतून थेट ऊन येणाऱ्या फळीवर ठेवलेले होते. ते मी परत करून आतल्या खोलीतले मागून घेतले.

वापरणाऱ्यांसाठी आणखी दोन बारीक गोष्टी. गाईला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल तर तेवढ्या दिवसांचे शेण संयंत्रात घालू नये, आणि भिजवणाची पिंपे साबणाने धुऊ नयेत. दोन्हींनी विहिरीतले जीव मरतात. आणि चांगले, सुके कुटार कधीही संयंत्राला देऊ नये, ते गाईचेच आहे. तिच्या पोटातून गेलेल्या कुटाराचे शेण होऊन ते शेवटी संयंत्रातच येते आणि मधल्या मधे दूधही मिळते. आम्ही फक्त भिजलेले, काळे पडलेले कुटार वेगळे काढतो. या वर्षी ते चौदा पोती निघाले आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरले.

स्लरीबद्दल मात्र पूर्ण समाधान आहे. कुटारामुळे ती थोडी तंतुमय होते आणि बाहेरची कुंडी आठवड्यातून एकदा फावड्याने मोकळी करावी लागते, पण वाळल्यावर ती भुसभुशीत राहते, शेणाच्या स्लरीसारखी दगड होत नाही. वांग्यांच्या वाफ्यात ती टाकली तिथली माती अजून ओल धरून आहे. येत्या मृगात ती कपाशीच्या दोन ओळींत घालून बाकीच्या ओळींशी ताडून पाहणार आहे, आणि त्यासाठी मार्चपासूनच वेगळा खड्डा भरत आणला आहे.